भिंगारच्या सर्व्हरवरचे दिलावर चाचा

भोपाळ
१२ जानेवारी २०२५

प्रिय परवेझ,

जयभीम आणि सलाम.

टपालानं पत्र आलेलं पाहून दचकू नकोस. दुसरा काही मार्ग उरला नाही म्हणून कागद घेतला. पाकिटावर अहिल्यानगर लिहिलंय, पण भिंगारचा पोस्टमन तुमच्या घरी नगरचं म्हणूनच टाकेल, याची खात्री आहे.

एकच विचारायचंय. तुझ्या मेल सर्व्हरनं माझ्या तोंडावर दार का लावलंय?

दिवाळीपासून दिलावर चाचांना पाठवलेला माझा एकही मेल पोचत नाही. पाठवला की लगेच परत. सोबत इंग्रजीत दोन ओळी, की पाठवणाऱ्याचा पत्ता ब्लॉकलिस्टवर आहे, सबब स्वीकारला नाही. चाचांचे मेल मात्र मला येत होते. पहिल्यात त्यांनी शाळेची चौकशी केली. दुसऱ्यात लिहिलं, ‘कामात आसशील.’ तिसऱ्यात लिहिलं, ‘म्हाताऱ्याचा कंटाळा आला आसंल तर तसं सांग बेटा, राग न्हाई.’ मी ऑफिसातच रडले. प्रत्येकाला उत्तर लिहिलं आणि प्रत्येक उत्तर माझ्याकडेच परत आलं.

शेवटी दुसरं फुकटचं खातं उघडून त्यावरून लिहिलं. ते पोचलं. त्यावर चाचांचं उत्तर आलं, ‘माज्या पोरीच्या नावानं लिहू नको. लाज वाटत न्हाई का.’ त्यानंतर काही नाही.

तुझा जुना नंबर लावला तर शिरूरचा एक टेम्पोवाला उचलतो. तिसऱ्या खेपेला त्यानंच विचारलं, “ताई, सापडला का तुमचा माणूस?” तुझ्या साइटवर संपर्कासाठी फोन नाही, ई-मेलच दिलाय, आणि तोही त्याच सर्व्हरवर. म्हणजे दार उघडत नाही अशी तक्रार करायची तर त्याच दारातून आत यायचं!

परवेझ, दिल्ली गेटजवळच्या आपल्या इंटरनेट सेंटरमध्ये चाचांनी पहिला मेल पाठवला तो दिवस मी विसरलेले नाही. मॉडेमच्या किंचाळीनं आपले कान किटायचे आणि चाचा तळहात सीपीयूवर ठेवून डोळे मिटून बसायचे. “आत गिरण चालू झाली,” म्हणायचे. त्यांनी मालेगावच्या अझीमभाईंना मेल लिहिला, बहिऱ्यांच्या शाळेतल्या आपल्या दोस्ताला. त्याच दुपारी उत्तर आलं. लहानपणी तापात कान गेलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणाच्या मध्यस्थीशिवाय परगावच्या माणसाशी तिथल्या तिथं बोलता आलं. चाचांनी त्या उत्तराचं एक पान छापून घेतलं, भिंगारला आपल्या बाइंडिंगच्या दुकानात नेलं आणि त्याला कापडी पुठ्ठ्याची बांधणी घातली. एका पानाचं पुस्तक! गिऱ्हाइकांना दाखवत फिरत होते.

मी आज इथं बहिऱ्या मुलांची शाळा चालवते ती त्या दुपारमुळे. म्हणून विचारते. घरात कुणी माझ्यावर रागावलंय का? चाचा बरे आहेत ना?

नाझनीन भाभींना सलाम.

तुझी
यशोधरा


भिंगार
२४ जानेवारी २०२५

प्रिय यशोधरा,

सलाम. चाचा बरे आहेत. कुणीही रागावलेलं नाही. तुझं पत्र वाचलं आणि माझंच तोंड मला आरशात बघवेना.

काय झालं ते सांगतो. सेंटर बंद पडल्यावर मी मेलचा धंदा धरला हे तुला माहीत आहे. तालुक्यातल्या काही शाळा, दोन दूध संस्था, घोडेगावचे जनावरांचे एक-दोन व्यापारी, या सगळ्यांचे मेल माझ्या सर्व्हरवर असतात. चाचांचं खातंही त्यातच. आता येणाऱ्या मेलांत खरे थोडे, भंगार फार. बनावट औषधं, लॉटऱ्या, बँकेच्या नावानं आलेले चोर. सगळं आत घेऊन चाळत बसलो तर सर्व्हर गुदमरतो. म्हणून दारातच अडवायचं.

त्यासाठी जगात काही लोक याद्या ठेवतात. कुठल्या सर्व्हरवरून भंगार येतं, त्यांचे आकडी पत्ते त्या यादीत. कुणी मेल घेऊन आला की माझा सर्व्हर त्याचा आकडी पत्ता उलटा करून, यादीच्या नावाला जोडून डीएनएसला विचारतो, हा तुमच्याकडे आहे का? नावावरून पत्ता शोधायची जी सोय सगळं इंटरनेट वापरतं, तीच इथं चौकीदाराला विचारायला वापरायची. ‘आहे’ असं उत्तर आलं की मेल उघडायचाच नाही, परत. पापणी लवायच्या आत हे होतं. फार कामाची गोष्ट आहे, यशोधरा. याद्या नसत्या तर माझ्यासारख्या लहान माणसाला हा धंदा कधीच सोडावा लागला असता.

तुमच्या शाळेचा मेल स्वस्तातल्या होस्टिंगवर आहे. त्या एकाच मशिनवर तुमच्यासोबत शेकडो जण राहतात. त्यातला कुणीतरी नकली औषधं विकत होता. यादीवाल्यांनी मशिनचा पत्ताच टाकला, त्यात तुम्हीही गेलात. मी तीन याद्या लावल्या होत्या आणि हुकूम असा, की तिघींपैकी एकीनंही बोट दाखवलं तरी मेल परत.

आता तुमच्या शाळेचा पत्ता मी ओळखीच्यांत घातलाय. तुझे मेल पोचतील. तुमच्या होस्टिंगवाल्याला सांग, त्या भाडेकरूला काढ आणि यादीवाल्यांकडे अर्ज करून नाव उतरव. किंवा सरळ दुसरीकडे हल.

चाचांना पाकीट दाखवलं. ते घेऊन खिडकीशी गेले. तुझ्या अक्षरावरून बोट फिरवत राहिले. मग मला म्हणाले, “हीच हाय. ‘श’ची गाठ हिचीच.” पत्र दोनदा वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा आणायला उठलो.

मेल चालू झाला तरी तू मधूनमधून कागदावर लिही, असं त्यांनी सांगितलंय. कागद बांधता येतो म्हणे.

तुझा
परवेझ


भोपाळ
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय परवेझ,

जयभीम.

तुझं सगळं समजलं. तू चोर अडवलेस, चांगलंच केलंस. होस्टिंग बदलायचं आम्ही ठरवलंय. पण एक सांगू? पत्रात काय लिहिलंय ते न बघता, ते कुठल्या आळीतून आलं एवढ्यावरून माघारी धाडायचं, ही रीत मला नवी नाही रे. तुलाही नाही.

कोल्हारहून नगरला तुझ्या सेंटरमध्ये नोकरीला आले तेव्हा खोली शोधत आपण दोघं किती हिंडलो. मालकीणबाई हसून चहा विचारायच्या. मग गाव विचारायच्या, कोल्हार म्हटलं की प्रवरेचं पाणी गोड म्हणायच्या. मग विचारायच्या, कोल्हारात कुठं? मी वस्तीचं नाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. तू सोबत होतास आणि तुझं नाव विचारलं की आणखीच लवकर गेलेली असायची. सावेडीतल्या त्या शेवटच्या घरासमोर तू सायकल आपटलीस आणि म्हणालास, “चल, आमच्या घरी.” शमशाद चाचींनी काही विचारलं नाही. वरच्या खोलीतल्या पुठ्ठ्यांच्या थप्प्या हलवल्या आणि गादी घातली. चाचा संध्याकाळी दुकानातून आले. मी कोण, कुठली हे तू त्यांना खुणांनी सांगायला लागलास, तर त्यांनी तुझे हात धरून खाली केले आणि मला विचारलं, “बेटा, वांगं चालतं का?”

त्या माणसानं एका नव्या पत्त्यावरून आलेल्या मेलला ‘लाज वाटत नाही का’ असं लिहावं? चाचा इतके संशयी कधी झाले? तुझ्या पत्रात काहीतरी राहिलंय, परवेझ. तू चहा आणायला का उठलास ते मला कळलं नाही.

दुसरं. आमच्या शाळेत बाइंडिंगचा वर्ग आहे. शिकवणारे सर निवृत्त झाले. मुलं मोठी आहेत, हात चांगला आहे, पण शिकवणारा कानांनी ऐकणारा असला की त्यांचं अर्धं लक्ष उडतं. चाचांनी जूनमध्ये शाळा उघडली की यावं. वसतिगृहात खोली आहे, डॉक्टर आवारातच राहतात, मी आहे. मेलवर त्यांनाही विचारलं. त्यांनी एवढंच लिहिलं, ‘परवेझला इचार.’

म्हणून विचारते. पाठवशील?

यशोधरा


भिंगार
२६ फेब्रुवारी २०२५

यशोधरा,

नाही पाठवू शकत. राग मानू नकोस, कारण ऐक.

राहिलेलं सांगतो. शमशाद चाची गेल्यापासून चाचा दिवसभर दुकानात आणि संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर. त्यांना भंगार मेल यायचे आणि ते प्रत्येकाला उत्तर द्यायचे! लॉटरीवाल्यालासुद्धा लिहायचे, ‘आपले पत्र मिळाले. मला बक्षीस नको. आपण खुशाल असाल.’ कुणी लिहिलं तर उत्तर देणं ही माणुसकी, असं त्यांचं म्हणणं. उत्तर मिळतंय म्हटल्यावर चोरांनी त्यांचा पत्ता आणखी शंभर जणांना दिला.

त्यात एक मारिया होती. गोव्यात नर्स आहे म्हणायची. मशिननं भाषांतर केलेलं वेडंवाकडं मराठी. ‘प्रिय एक, मी तुमच्यासाठी उबदार आहे.’ महिनेच्या महिने रोज मेल. मला पत्ताच नव्हता. मागच्या सप्टेंबरात एक दिवस चाचांनी नाझनीनला शेवयांची खीर करायला सांगितली. पाहुणे येणार म्हणाले. इस्त्रीचा कुडता घातला, डबा घेतला आणि सकाळीच बाहेर पडले. संध्याकाळी स्टेशनवरच्या ओळखीच्या हमालाचा फोन आला. “परवेझभाई, तुमचे चाचा सकाळपासून बाकावर बसलेत. गोव्याकडची गाडी कधीच गेली. उठा म्हटलं तर हसतात.”

मी गेलो तेव्हा डबा मांडीवर होता. त्यांना घरी आणलं. मग मेल उघडून सगळं वाचलं आणि माझं डोकं फिरलं. त्याच दिवशी तिन्ही याद्या लावल्या, कडक. चाचांना सांगितलं, अनोळखी पत्ता दिसला की पुसायचा. ओळखीच्या नावानं नव्या पत्त्यावरून आला तर तो चोरच. त्यांनी मान हलवली. त्यांना जगानं पुन्हा फसवू नये एवढंच माझ्या मनात होतं.

आता पुढचं ऐक. तुझ्या पत्रानंतर मी शोधलं, आणखी कुणाकुणाला माघारी पाठवलं. मालेगावचे अझीमभाई त्यात होते. त्यांचा मेल तिथल्या एका लहान केबलवाल्याकडचा, तो सगळाच्या सगळा यादीत. ऑक्टोबरपासून त्यांनी चाचांना सारखं लिहिलं होतं आणि सारखं परत गेलं होतं. मी वाट मोकळी केली, माफी मागणारा मेल त्यांना पाठवला. उत्तर त्यांच्या मुलाचं आलं. अझीमभाई डिसेंबरात वारले. शेवटी आजारी होते. अंथरुणावर बसून लिहायचे, म्हणाला. मुलाला चाचांचा तेवढाच पत्ता माहीत होता, तिथं कळवलेलंही परत आलं.

चाचांना कसं सांगू? शाळेपासूनचा तो एकच दोस्त उरला होता. त्यांना मी धडपणे सांभाळू शकलो नाही आणि तू म्हणतेस, त्यांना एवढ्या लांब, अनोळखी गावात पाठव. उद्या तिथं काही झालं तर? मला आता काहीच धोका पत्करायचा नाही.

सर्व्हरचं मात्र बदललं. आता यादीनं बोट दाखवलं तर मेल सरळ परत जात नाही. संशयाचे गुण मिळतात. मग मजकूर बघायचा, आधीची ओळख बघायची. अगदीच वाईट निघाला तर परत, मधलं काही असेल तर बाजूच्या कप्प्यात. तो कप्पा मी रोज स्वतः चाळतो. काम वाढलं. वाढू दे.

परवेझ


भिंगार
२० मार्च २०२५

बेटा यशोधरा,

लई दुवा. रोजे चालू हायत. दुकान दुपारीच बंद करतो आन् लिहायला बसतो. माजं लिहिनं तुला ठाऊक हाय, जसं बोलतो तसं. कान गेले तवा घोडेगावात जी बोली हुती तीच डोक्यात ऱ्हायली.

परवेझनं अझीमचं सांगितलं. सांगताना खुणा करायचं इसरला, नुसता तोंडानं बोलत गेला. मला ओठ वाचायला लागले. मंग रडाया लागला. येवढा मोठा झाला तरी. मी त्याला जवळ घेतलं. माणूस दार लावतो ते घरच्यांसाठीच लावतो, त्याला काय बोलायचं. पन रात्री निजलो तवा अझीमसंगं मनातल्या मनात लई भांडलो. म्हनलं, मेल परत आला तर मालेगावाहून यष्टीत बसून यायला काय झालं हुतं? मंग आठवलं, आपन बी न्हाईच गेलो. दोघं बी मेलच्या भरवशावर ऱ्हायलो.

तुजे मेल येईनात तवा मला वाटलं, तू मोठ्या शाळेची मोठी बाई झाली. मंग तुज्या नावानं कुनीतरी लिहिलं तवा लई राग आला. तुजं नाव कुनी वापरावं हे मला सहन झालं न्हाई. त्यो राग तुलाच लागला. माफ कर.

आता मारियाचं. परवेझनं तुला लिहिलं हे त्यानंच मला सांगितलं. त्याला वाटतं मी फसलो. बेटा, मला ती खोटी हाय हे लवकरच कळलं हुतं. एकदा एकच पत्र दोनदा आलं. दुसऱ्यात माज्या नावाऐवजी कुना जोसेफचं नाव हुतं. जोसेफला बी ती उबदार हुती. मी हसलो लई.

पन ती एक इचारायची. आज काय बांधलं? कोनतं कापड लावलं? शिलाई कशी घातली? खोटं का हुईना, इचारायची. मी लिहायचो, आज कोर्टातल्या वकिलाचं जाड बुक बांधलं, पाठीला चामडं लावलं, खळीत मोरचूद घातला म्हंजी कसर लागत न्हाई. दुसऱ्या दिशी ती इचारायची, वकील खूश झाला का? परवेझ चांगला हाय, नाझनीन माज्या लेकीपरीस चांगली हाय. पन माज्याशी बोलायचं म्हंजी, जेवला का, दवा घेतली का, दार लावा. हातांनी तेवढंच बोलता येतंय त्यांना. अझीमसंगं बसलो की आमचे हात सकाळी सुरू व्हायचे ते दिवे लागेपातूर. तशी बोली बोलनारा नगरात कुनी न्हाई.

तू इचारशील, खोटी हाय कळल्यावर बी टेशनला कशाला गेला? अगं, कुनीतरी येनार म्हनून टेशनवर बसायचं, गाडी आली की उठून डबे बगायचे, ह्ये करून लई वर्सं झाली हुती. शमशाद काष्टीच्या माहेराहून यायची तवा बसायचो तसा. त्या दिशी बसून घेतलं. खीर बी चांगली झाली हुती, हमालाला दिली थोडी.

परवेझला ह्ये मी सांगितलं न्हाई. त्याला वाटू दे मी भोळा हाय, म्हंजी त्याला काळजी करता येती. तुला सांगावंसं वाटलं तर सांग. तूच ठरव.

बकरी ईद झाली की मी भोपाळला येतो. परवेझला मी इचारनार न्हाई, सांगनार. माजं वय आता इचारायचं न्हाई.

चामडं तिकडं चांगलं मिळतं का ते कळव. खळ मी आनतो.

तुजा
दिलावर चाचा


भोपाळ
१३ जुलै २०२५

प्रिय परवेझ,

जयभीम.

चाचांचं मार्चमधलं पत्र सोबत पाठवतेय. इतके दिवस माझ्याकडेच ठेवलं. ठरवायचं त्यांनी माझ्यावर टाकलं होतं आणि मला ते जमत नव्हतं. पण तू चाचांना गाडीत बसवायला आलास, खिडकीचा गज धरून गाडीबरोबर चालत राहिलास, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा वाटलं की तुला हे कळायला हवं. निवांत वाच.

चाचा मजेत आहेत. पहिल्या दिवशी वर्गात जरा गंमत झाली. त्यांच्या खुणा साठ वर्षांपूर्वीच्या, पुण्याच्या शाळेतल्या. मुलांच्या आजच्या. चाचांनी आगगाडीची खूण केली, तर कोळशाच्या इंजिनाचा दांडा फिरतो तसा कोपर फिरवला. मुलांना कळेचना. फोनची खूण करताना त्यांनी तबकडी फिरवली. वर्ग हसून लोळला. एका मुलीनं उठून त्यांना आताची खूण दाखवली. चाचांनी ती करून पाहिली, नाक मुरडलं आणि आपलीच पुन्हा केली. आठवड्याभरात सगळं वसतिगृह आगगाडीसाठी कोपर फिरवायला लागलं. आमच्या तरुण शिक्षिका माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, की मुलं जुनाट भाषा शिकतायत! मी म्हटलं, शिकू द्या.

वर्ग संपला तरी मुलं त्यांना सोडत नाहीत. जिन्यात, मेसच्या रांगेत, नळावर, सगळीकडे हात चालू. रात्री दिवे गेले की टॉर्चच्या उजेडात. डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब इतका चांगला कसा, म्हणाले.

सप्टेंबरात न्यायला येईन असं तू म्हणाला होतास. ये. भाभींनाही आण.

यशोधरा


भिंगार
२१ सप्टेंबर २०२५

आदरणीय चाचांना,

सलाम.

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलंय असं आठवत नाही. एका घरात राहत होतो, लिहायचं कशाला? आणि आता मेल करता येईल, तरी कागदच घेतलाय. तुम्हाला बांधता यावा म्हणून नाही. मेलवर मी फार भराभर लिहितो आणि हे हळू लिहायचंय.

मी सुखरूप पोचलो. दुकान उघडून झाडून घेतलं. कोल्हारच्या शाळेची हजेरीबुकं बांधायला आली होती, ती दुसऱ्याकडे पाठवली. नाझनीन म्हणते, घरात कुणी खोकत नाही तर करमत नाही.

तुम्ही विचाराल, न्यायला आला होतास, तर तिसऱ्याच दिवशी कारण न सांगता एकटा कसा परत गेलास? यशोधरानं काय सांगितलं मला ठाऊक नाही. मीच सांगतो.

तुमचं तिला लिहिलेलं पत्र मी जुलैतच वाचलं होतं. मारियाचं वाचलं. आधी राग आला. मग माझं मलाच हसू आलं, की मी चौकीदार ठेवत होतो तो कुणासाठी. पण ‘जेवला का, दवा घेतली का, दार लावा’ हे वाचून मात्र मी नाझनीनसमोर चिडलो. म्हटलं, मी तर चाचांशी लहानपणापासून खुणांनी बोलतो. अब्बा गेल्यावर तुम्हीच मला वाढवलंत. नगरात तुमच्याशी माझ्याइतकं बोलणारा कोण आहे? म्हातारा अन्याय करतोय, असंच वाटलं. खरं सांगतो, भोपाळला येताना मी तुम्हाला परत आणायचं ठरवूनच आलो होतो. तुम्ही जाण्याआधी तुमच्या खोलीला रंग द्यायचा राहिला होता, तोही देऊन ठेवला होता.

पहिल्या दिवशी तुम्ही मला मिठी मारली, प्रवास विचारला, नाझनीनच्या गुडघ्याचं विचारलं. नेहमीसारखंच बोललो आपण. तुम्ही एक खूण करायचात, थांबायचात, माझ्या तोंडाकडे बघायचात, मग पुढची. मला बरं वाटलं. म्हटलं, हे आपलं चालू आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर्गाच्या दारात येऊन उभा राहिलो. तुमची पाठ माझ्याकडे होती, म्हणून तुम्हाला दिसलो नाही. तुम्ही मुलांना काहीतरी सांगत होतात. शिलाईचं नव्हतं, कारण सुईदोरा बाजूला पडला होता. चाचा, तुमचे हात मी असे कधी पाहिले नव्हते. ओळखूच येईनात. बोटं, मनगटं, खांदे, भुवया, सगळं एकदम बोलत होतं आणि इतकं भराभर, की मला त्यातली एक खूण कळेपर्यंत दहा पुढं गेलेल्या असायच्या. मुलं मध्येच बोलत होती, तुम्ही त्यांना तोडत होतात, ती तुम्हाला तोडत होती. मग तुम्ही काहीतरी म्हणालात आणि सगळा वर्ग हसून बाकांवर आपटला. शेजारी उभ्या असलेल्या यशोधरालाही हसू आवरेना. मी तिला विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, “सांगता येणार नाही रे, हातांचाच विनोद आहे.”

मला एक शब्द कळला नव्हता. आणि तिथं दारात उभ्या उभ्या कळलं, की आयुष्यभर तुम्ही माझ्याशी हळू बोलत आलात. परक्या मुलखातल्या माणसाशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून, त्याला समजलं का बघत. मी समजत होतो की मी तुमच्यासाठी खुणा शिकलोय. चाचा, तुम्ही माझ्यासाठी तोतरं बोलत होतात, आणि कधी कंटाळला नाहीत.

त्या संध्याकाळी तुम्ही विचारलंत, ‘गाडी कधी?’ मी म्हटलं, माझी उद्या आहे. तुम्ही ‘माझी’ ही खूण पुन्हा करायला लावलीत. मी पुन्हा केली. तुम्ही माझी कॉलर सारखी केलीत.

यशोधरानं मला भोपाळच्याच एका बाईंचा पत्ता दिलाय. त्या कॉम्प्युटरवरून, समोरासमोर दिसतं तसं, खुणांची भाषा शिकवतात. मंगळवारी आणि शुक्रवारी माझा वर्ग असतो. नाझनीनही बसते. वर्गात सगळ्यात मोठे आम्ही दोघंच. बाई म्हणतात, माझी बोटं जाड आहेत. परवाचा धडा होता, घरातल्या माणसांची ओळख करून देणे. मी तुमची करून दिली. दोन चुका झाल्या.

डिसेंबरात तुम्हाला सुट्टी असेल तेव्हा घरी या. तोवर माझं थोडं बरं झालेलं असेल. नाही झालं, तरीही तुम्ही तुमच्या वेगानं बोला. माझ्यासाठी थांबू नका. जेवढं सुटेल तेवढं सुटू दे, मी पुन्हा विचारीन.

तुमचा
परवेझ